मदत हवी आहे: चाहत्यांचे स्थानिक संमेलन वाढवताना त्यातला आपलेपणा कसा टिकवावा?

नमस्कार. कॉमिक्स, अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) आणि विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक छोटे संमेलन आम्ही काही मित्र दरवर्षी भरवतो. यंदा गर्दी इतकी वाढली की मोठे सभागृह घ्यावे लागणार आहे. सॅन दिएगोचे कॉमिक-कॉन १९७० मध्ये काहीशे लोकांपासून सुरू होऊन लाखाच्या पुढे गेले आणि टोकियोचे कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सचा मेळा, १९७५ मध्ये अशा चाहत्यांच्या अवघ्या ३२ गटांनिशी सुरू झाला, हे वाचून हुरूप येतो. पण काळजीही वाटते.

आमच्याकडे लोक येतात ते मुख्यतः एकमेकांना भेटायला. गेल्या वेळी आवडत्या पात्राचा पोशाख करून आलेल्या एका मुलीच्या फोमच्या चिलखताचा खांदा निखळला, तेव्हा तीन अनोळखी माणसे ग्लू गन घेऊन तिच्याभोवती बसली आणि तो जोडूनच उठली. हे मला कुठल्याही प्रसिद्ध पाहुण्यापेक्षा मोलाचे वाटते.

म्हणून ज्यांनी असे आयोजन केले आहे त्यांना विचारतो: वाढता खर्च भागवताना नवोदित चित्रकारांच्या टेबलांचे भाडे कमी कसे ठेवलेत? नामवंत पाहुणे बोलावल्यावर चाहत्यांच्या गप्पांसाठी जागा आणि वेळ उरला का? आणि पोशाख करून आलेल्यांचे छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये, हा नियम स्वयंसेवकांकडून प्रत्यक्षात कसा पाळून घेतलात?