एनएचएल ड्राफ्ट: पाचवी ते सातवी फेरी ट्रेडमध्ये देऊन टाकावी का?

निळी_रेषा

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क घेतात. ती एकेक पाळी म्हणजे पिक, आणि ट्रेडमध्ये खेळाडूंसारखीच पिकंही देता-घेता येतात. दर वर्षी डेडलाइनच्या, म्हणजे हंगामातल्या ट्रेडच्या शेवटच्या मुदतीच्या, आठवड्यात ट्रेड जाहीर होतात आणि खाली तीच रडारड सुरू होते: 'अरेरे, पाचव्या फेरीचं पिकही घालवलं!' माझ्या मते पाचव्या, सहाव्या आणि सातव्या फेरीची पिकं ही खर्च करायलाच असतात. जपून ठेवणारा जीएम (संघाचा जनरल मॅनेजर) हुशार नसतो, नुसता घाबरट असतो.

आकडे बघा. 32 संघ, 7 फेऱ्या, म्हणजे 224 पिकं. पाचवी फेरी 129 व्या क्रमांकापासून सुरू होते. तिथून शेवटपर्यंत दर वर्षी 96 पोरं निवडली जातात. एनएचएलचे 200 सामने खेळला तर पिक सार्थकी लागलं असा माफक निकष लावला, तरी ढोबळमानाने दहातला एखादा पार होतो. आणि तो एखादाही बहुतेक वेळा चौथ्या फळीतला विंगर किंवा तिसऱ्या जोडीतला डिफेन्समन असतो. असा माणूस जुलैमध्ये मोकळ्या खेळाडूंच्या बाजारात किमान पगारावर, म्हणजे 2025-26 च्या हिशेबाने 7,75,000 डॉलरना, सरळ मिळतो. त्यासाठी पाच वर्षं थांबायचं कशाला?

दुसरं म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत क्रमांकागणिक किंमत झपाट्याने उतरते, पण तिसऱ्या फेरीनंतर आलेख जवळपास आडवा होतो. 140 वा आणि 210 वा यांत जो फरक आहे तो स्काउटांच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) वहीत आहे, बर्फावर फारसा दिसत नाही.

लाल_पंख

साफ असहमत. उशिरा निवडलेले आणि पुढे मोठे झालेले खेळाडू बघा. दात्स्युक 1998, 171 वा. झेटरबर्ग 1999, 210 वा. लुंडक्विस्ट 2000, 205 वा. पावेल्स्की 2003, तोही 205 वा. हॉर्नक्विस्ट 2005, 230 वा, म्हणजे त्या ड्राफ्टचं अगदी शेवटचं पिक. याच हॉर्नक्विस्टने 2017 मध्ये पिट्सबर्गला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून देणारा गोल मारला, तोही नॅशव्हिलच्या घरच्या रिंकवर, ज्या संघाने त्याला निवडलं होतं त्यांच्याच विरुद्ध. 'चौथ्या फळीतला विंगर' म्हणे!

यातले पहिले दोघे डेट्रॉइटचे, आणि डेट्रॉइटने हे नशिबावर सोडलं नव्हतं. त्यांचा स्काउट हाकान आंदेरसन युरोपात बसून असायचा आणि बाकीचे संघ जिथे स्काउट पाठवायचे नाहीत तिथली पोरं बघायचा. उशिराचं पिक ज्याला वापरता येतं त्याच्यासाठी ते महागच असतं.

विदाप्रेमी

@लाल_पंख, ही यादी दर वेळी येते आणि दर वेळी यात तीच पाच-सहा नावं असतात. उरलेली शेकडो नावं कोण लिहिणार?

दात्स्युकचंच घ्या. 1998 च्या आधी दोन ड्राफ्टमध्ये तो पात्र होता आणि त्याला कोणीच घेतलं नाही, डेट्रॉइटनेही नाही. 1998 मध्येसुद्धा त्यांनी आधी यिरी फिशर आणि इतर पोरं घेतली, मग सहाव्या फेरीत दात्स्युक. तो काय होणार हे ठाऊक असतं तर 170 नावं पुकारली जाईपर्यंत कोणी थांबलं असतं का? त्यांना एक शंका होती, ती स्वस्तात तपासून बघितली. कौतुक करा, पण त्यावरून 'पद्धत' काढू नका. शिवाय तो काळ वेगळा होता. आज युरोपातल्या कनिष्ठ लीगचे सामनेही व्हिडिओवर सगळ्यांना दिसतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण @निळी_रेषा यांचा हिशेबही अर्धाच आहे. दहातला एक धरला, तर एक पिक विकणं म्हणजे 10 टक्के शक्यता विकणं. तीन पिकं विकली तर 27 टक्के. म्हणजे चौथ्या भागाहून जास्त. 'सुटे पैसे' म्हणून एकेक करत चार वर्षांत बारा पिकं दिलीत, तर किमान एक खेळाडू हातचा जाण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या वर जाते. एकेका ट्रेडमध्ये हे दिसत नाही, म्हणून कोणी मोजत नाही.

कॅप_हिशेब

तुम्ही सगळे पिकातून पोरगा कोण निघाला हेच बघताय. उशिराच्या पिकाचा खरा उपयोग वंगणाचा आहे.

2014 चा ड्राफ्ट. टँपा बेकडे 80 वं पिक होतं, मिनेसोटाकडे 79 वं. टँपाने 80 वं आणि 2015 च्या सातव्या फेरीचं पिक दिलं आणि फक्त एक घर पुढे सरकले. 79 व्या क्रमांकावर त्यांनी घेतला ब्रेडन पॉइंट. मिनेसोटाने 80 वर लुई बेल्पेडियो घेतला. मिनेसोटा पॉइंटला घेणारच होती असं मी म्हणत नाही. पण टँपाला ती धास्ती होती आणि ती मिटवायला एक सातवं पिक पुरलं. पॉइंटने पुढे दोन कप जिंकले आणि 2022-23 मध्ये 51 गोल मारले. सांगा आता, त्या सातव्या पिकाची किंमत काय?

दुसरा उपयोग पगार वाटून घेण्याचा. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा (कॅप) असते, म्हणून ट्रेड करताना खेळाडू देणारा संघ त्याच्या पगाराचा 50 टक्क्यांपर्यंत भार स्वतःकडे ठेवू शकतो. मग तिसरा संघ मध्ये घालून उरलेल्यातला आणखी वाटा कमी करायचा आणि त्या मधल्याला चौथं-पाचवं पिक द्यायचं, ही डेडलाइनची रीतच झाली होती. 2020 मध्ये रॉबिन लेनर शिकागोहून व्हेगासला गेला तेव्हा टोरांटोने मध्ये बसून पाचव्या फेरीचं पिक कमावलं. 2021 मध्ये सव्हार्डच्या ट्रेडमध्ये डेट्रॉइटने आणि फोलिन्योच्या ट्रेडमध्ये सॅन होजेने एकेक चौथं पिक घेतलं. महिना-दीड महिन्याच्या उरलेल्या पगाराच्या तुकड्यावर फुकटातलं पिक!

हा बाजार आता बसलाय. 2025-26 पासून पहिल्यांदा पगार राखल्यावर दुसऱ्यांदा राखायला नियमित हंगामाचे 75 दिवस जावे लागतात, म्हणजे डेडलाइनच्या दिवशी एका दमात तिघांचा ट्रेड करता येत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीच्या पिकांचं एक मोठं गिऱ्हाईकच त्यामुळे उठून गेलं.

लाल_पंख

@कॅप_हिशेब, पॉइंटचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. सातवं पिक शिल्लक होतं म्हणून ते पुढे सरकू शकले. ज्याने आधीच विकून टाकलं तो काय देणार?

एक_जून

मुदतीकडे कोणाचंच लक्ष गेलेलं नाही, आणि उशिराच्या पिकाची निम्मी किंमत तर त्यातच आहे.

पोरगा निवडला म्हणजे तो तुमचा झाला असं नसतं. 2013 च्या कराराखालचा नियम असा: कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधला असेल तर दोन वर्षं, दुसऱ्या वर्षाच्या 1 जूनपर्यंत सही नाही झाली तर हक्क गेले. अमेरिकन कॉलेजमधला असेल तर चार वर्षांचं शिक्षण संपल्यावर 15 ऑगस्टपर्यंत. युरोपातला असेल तर चार वर्षं. आणि रशियातला असेल तर हस्तांतराचा करारच नसल्यामुळे हक्क अमर्याद.

याचा सरळ परिणाम बघा. मेजर ज्युनियरमधला सातव्या फेरीचा पोरगा 20 व्या वर्षी कसा असेल हे तुम्हाला दोन वर्षांत ठरवावं लागतं. वर 50 करारांची मर्यादा. त्या पन्नासात मुख्य संघातले 23, बाकीचे एएचएलमधले (खालच्या लीगमधले). अडकलेला प्रत्येक करार तीन वर्षं जागा खातो. मग सीमारेषेवरच्या पोरावर कोण सही करणार? कॉलेजचा, स्वीडनचा किंवा रशियाचा पोरगा मात्र दुसऱ्याच्या खर्चाने, दुसऱ्याच्या कोचकडे वाढतो आणि पन्नासात मोजलाही जात नाही. करार न झालेल्यांसकट जी 90 जणांची यादी असते, तेवढ्यातच तो बसतो.

काप्रिझोव्ह 2015 मध्ये 135 वा. तो इतका खाली आला त्यामागे 'रशियातून येईल की नाही' ही भीतीही होती. मिनेसोटाने पाच वर्षं वाट पाहिली, 2021 मध्ये तो काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदिताची) घेऊन गेला, आणि 2025 मध्ये त्याने आठ वर्षांसाठी 13.6 कोटी डॉलरचा करार केला. हे थांबणं मिनेसोटाला जमलं, कारण हक्क संपत नव्हते.

उलटं उदाहरण फ्रेडरिक आंदेरसन. कॅरोलायनाने 2010 मध्ये सातव्या फेरीत 187 वा घेतला, करार झाला नाही, हक्क सुटले. 2012 मध्ये तोच गोली (गोलरक्षक) पुन्हा ड्राफ्टमध्ये आला आणि अनाहाइमने तिसऱ्या फेरीत 87 वा उचलला. पोरगा बरोबर ओळखला होता, पण सही राहिली.

म्हणून 'सातव्या फेरीचं पिक विकावं का' हा प्रश्न अर्धवट आहे. तुमचा स्काउट त्या पिकावर कुठला पोरगा घेणार आहे, त्यावर उत्तर बदलतं.

निळी_रेषा

@एक_जून, मुदतीचा मुद्दा उत्तम. पण तो माझ्याच बाजूने जातो. हक्क सुटलेली आणि ड्राफ्टमध्ये कधी निवडलीच न गेलेली पोरं बाजारात मोकळी असतात. पनारिनला कोणी ड्राफ्ट केलं नव्हतं. शिकागोने 2015 मध्ये करार केला आणि पुढच्याच वर्षी काल्डर. मार्टिन सेंट लुई, जोर्डानो, टोरी क्रुग, सगळे ड्राफ्टबाहेरचे. शिवाय 18 व्या वर्षीच्या पोराऐवजी 22-23 व्या वर्षीचा तयार खेळाडू बघून घेता येतो.

आणि वेव्हर्स, म्हणजे संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्याने फुकट उचलायची सोय! गुस्ताव फोर्सलिंग फ्लोरिडाला जानेवारी 2021 मध्ये कॅरोलायनाच्या वेव्हर्समधून मिळाला. पिक नाही, खेळाडू नाही, काही नाही. 2024 आणि 2025 च्या दोन्ही कपांत तो त्यांचा पहिल्या जोडीतला डिफेन्समन.

लाल_पंख

फोर्सलिंग मुळात 2014 च्या पाचव्या फेरीतला, 126 वा (तेव्हा संघ 30च होते), व्हँकुव्हरचा. त्यांनी सात महिन्यांत तो अ‍ॅडम क्लेंडेनिंगच्या बदल्यात शिकागोला देऊन टाकला. म्हणजे पिक बरोबर होतं, धीर नव्हता. तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर आलं.

आणि फ्लोरिडाचंच आणखी एक. 2020 मध्ये सातव्या फेरीत 212 वा घेतलेला गोली डेव्हन लेव्ही. काही महिन्यांतच तो ज्युनियर विश्वस्पर्धेत कॅनडाकडून खेळला, 96.4 टक्के फटके अडवले, अंतिम सामना अमेरिकेशी हरला. एवढ्या एका स्पर्धेवर त्याचा भाव असा चढला की जुलै 2021 मध्ये बफेलोने लेव्ही आणि 2022 चं पहिल्या फेरीचं पिक घेऊन सॅम राइनहार्ट दिला. राइनहार्टने 2024 च्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यात एडमंटनविरुद्ध विजयी गोल मारला. लेव्ही 2025 पर्यंत बफेलोचा पहिला गोली झालेला नव्हता, पण फ्लोरिडाला काय फरक पडतो?

तिसरा_पीरियड

आपल्याकडच्या वाचकांसाठी: हा आयपीएलचा लिलाव नव्हे. तिथे उरलेला खेळाडू बेस प्राइसला मिळतो आणि लगेच खेळतो. इथे 18 वर्षांच्या पोराचं फक्त नाव लिहून ठेवायचं आणि पाच वर्षांनी बघायचं. बाकी चालू द्या.

विदाप्रेमी

गोलीचा विषय निघालाच आहे तर वेझिना ट्रॉफी बघू, वर्षातल्या सर्वोत्तम गोलीची. 2020 हेलेबक, पाचवी फेरी. 2021 फ्लरी, थेट पहिला क्रमांक. 2022 शेस्टर्किन, चौथी फेरी. 2023 उल्मार्क, सहावी फेरी. 2024 आणि 2025 पुन्हा हेलेबक. सहापैकी चार वेळा पाचव्या फेरीतला किंवा त्याखालचा गोली. फॉरवर्डच्या बाबतीत असं काही सापडणार नाही. कारणही उघड आहे: गोलीचं शरीर आणि खेळाचं वाचन वयाच्या 23-24 पर्यंत बनत राहतं, 18 व्या वर्षीचा अंदाज फसतो. म्हणून सरसकट '10 टक्के' धरणं चूक. गोलीवर खर्च होणारं सहावं पिक आणि मेजर ज्युनियरच्या धिप्पाड डिफेन्समनवर खर्च होणारं सहावं पिक ही एक वस्तू नाही.

निळी_रेषा

उल्मार्क बफेलोने निवडला, नऊ वर्षं पोसला, 2021 मध्ये तो करार संपून मोकळा होऊन बॉस्टनला गेला आणि वेझिना तिथे जिंकला. बफेलोला त्या बदल्यात शून्य. बॉस्टनने पिक न देता घेतला. मी अजून काय सांगू?

कॅप_हिशेब

मग विक्रीचा भाव तरी नीट हवा. फेब्रुवारी 2023, फॉरवर्ड टॅनर जनोचा ट्रेड. टँपाने नॅशव्हिलला दिलं: डिफेन्समन कॅल फुट, 2025 चं पहिल्या फेरीचं पिक, 2024 चं दुसऱ्या, आणि 2023 ची तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीची. जनो त्या हंगामात 56 सामन्यांत 5 गोलांवर होता. लोक पहिल्या फेरीच्या पिकावर ओरडले, माझा आक्षेप शेपटीवर आहे. तिसरं-चौथं-पाचवं एकदम दिल्यावर त्या जूनच्या ड्राफ्टमध्ये टँपाला पॉइंटसारखं एक घर सरकायचं असतं तर कशाने सरकले असते? 2024 मध्ये जनो लॉस एंजेलिसला गेला, हाती आलं एक दुसरं आणि एक चौथं. गंमत म्हणजे जनोला कोणी ड्राफ्ट केलंच नव्हतं. नॅशव्हिलने तो फुकट मिळवून पाच पिकांना विकला.

एक_जून

त्यातून एवढं शिका: शेवटचं पिक विकायचंच असेल तर 'या वर्षीचं सातवं देतो, पुढच्या वर्षीचं सहावं दे' असं मागा. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हा सौदा हमखास जमतो, कारण समोरच्या टेबलावरच्या स्काउटला यादीतलं एकच नाव उरलेलं दिसत असतं आणि ज्या जीएमच्या खुर्चीची पुढच्या वर्षीची खात्री नाही त्याला पुढच्या वर्षीचं पिक फुकटच वाटतं.

लाल_पंख

आणि त्या सहाव्या पिकावर फिनलंडचा गोली घ्या.