तात्काळला आधार लागल्याने दलाल गेला का?

खाडीकिनारी (गुहागर)
गणपती जवळ आले की तिकिटांवरून रडारड ठरलेली, म्हणून विषय आधीच काढतो. 1 जुलै 2025 पासून रेल्वेच्या ऑनलाइन तात्काळ तिकिटाला आधारशी जोडलेलं खातं लागतं, 15 जुलैपासून वर ओटीपी. ऑक्टोबर 2025 पासून साधं आरक्षण खुलं होतं तेव्हाची पहिली 15 मिनिटंही आधारवाल्यांचीच झाली, पुढे ती वेळ आणखी वाढवली. हेतू दलाल रोखण्याचा. ठीक.

आता आमच्या बाजारपेठेतलं चित्र बघा. एक सेवा केंद्र आहे, सातबाऱ्यापासून लाइट बिलापर्यंत सगळं तिथेच. टेबलावर एक जाडजूड वही. नाव, आधार नंबर, मोबाईल आणि शेवटच्या रकान्यात रेल्वे तिकिटाच्या खात्याचा पासवर्ड. अकराच्या ठोक्याला स्लीपरचं तात्काळ उघडलं की केंद्रवाल्याचा फोन, "काकी, मेसेज येईल तो आकडा सांगा." काकी सांगतात. ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून बँका ओरडून थकल्या, आणि इथे दिल्याशिवाय तिकीटच नाही! दलाल होता तिथेच आहे. पूर्वी त्याच्याकडे फक्त आपले पैसे जायचे.

डोंबिवलीचा चाकरमानी
वही ठेवणारा चुकतोय, नियम कसा चुकला? पूर्वी सॉफ्टवेअर लावून बसलेले लोक डब्बेच्या डब्बे गिळायचे, आम्ही स्क्रीनवर गोल फिरणारं चाक बघत बसायचो. आता तात्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटलाही बंदी आहे. आणि आधार फक्त खातेदाराचं लागतं, यादीतल्या प्रत्येकाचं नाही. मुलाने इथे बसून आईवडिलांचं तिकीट काढावं, हाय काय अन् नाय काय.

राजापूरची लेक
@चाकरमानी, मुलगा असेल तर ना! आमच्या वाडीत निम्म्या घरांत फक्त म्हातारी माणसं. सासूबाईंच्या आधारला जोडलेला नंबर दिरांच्या जुन्या सिमचा, तो केव्हाच बंद पडला. बंद नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. म्हणजे आमच्या घरचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार. नंबर बदलायला तालुक्याला जा, तिथे रांग, अंगठा उमटेना. जन्मभर काजूच्या चिकात गेलेली बोटं ती.

मालवणी माणूस
आमच्याकडे आधी रेंज शोधूक आंब्याच्या कलमाखाली जावचा लागता. ओटीपी येयपर्यंत गाडी फुल!! 😂

सिग्नल हिरवा (निवृत्त रेल्वे कर्मचारी)
थोडी नियमाची माहिती. स्वतःच्या खात्यावरून पैसे घेऊन दुसऱ्यांची तिकिटं काढणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 143 खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे केंद्रवाला स्वतःचं खातं वापरत नाही, गिऱ्हाइकाचंच उघडून देतो. वही तिथून आली. शिवाय एका खात्यावर महिन्याला 12 तिकिटं, आधार जोडलं तर 24. वाडीतला होतकरू पोरगा सगळ्यांची काढून देईल म्हटलं तरी सणाच्या महिन्यात तो कोटा किती पुरणार? आणि चहापाण्याचे पन्नास रुपये घेतले की तोच आरोपी.

डोंबिवलीचा चाकरमानी
काका, माहितीबद्दल आभार. पण खाडीकिनारीभाऊंना एक विचारतो. तुमच्याच गुहागरात होमस्टेवाले खोली द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर अख्ख्या कुटुंबाची आधार कार्डं मागवतात. तो फोन पोरांच्या हातात, फोटो गॅलरीत वर्षानुवर्षं पडून. तेव्हा कुणाची गोपनीयता आठवत नाही. रेल्वेनेच मागितलं की सगळे जागे!

खाडीकिनारी (गुहागर)
आठवते की. पाहुण्यांची नोंद ठेवावी लागते हे खरं, पण त्यासाठी पूर्ण नंबर कशाला? शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, मी ओळखीच्या होमस्टेवाल्यांना तेच घ्या म्हणून सांगतो. दोघे ऐकतात, बाकीचे हसतात.

आणि रेल्वेचंच म्हणाल तर 2022 च्या ऑगस्टमध्ये रेल्वेची ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून कमाई कशी करता येईल यासाठी सल्लागार नेमायची निविदा काढली होती. ओरड झाल्यावर मागे घेतली. ओरडलो म्हणून घेतली, हे लक्षात ठेवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगून झालं होतं, तरीही.

राजापूरची लेक
मला एसटीचं बरं वाटतं. पंचाहत्तरी उलटलेल्या सासऱ्यांचं कार्ड कंडक्टर बघतो, शून्य रकमेचं तिकीट फाडतो, कार्ड परत देतो. आमची निम्मी सवलत तर चेहरा बघूनच. गणपतीला अख्ख्या वाडीची एक गाडी ठरवली की एकाही म्हातारीला ओटीपी विचारत नाही कुणी.

डोंबिवलीचा चाकरमानी
ताई, त्या गाडीत बसून मुंबई-गोवा महामार्गाने या एकदा. 2011 पासून काम चाललंय, आमच्या मणक्यांना विचारा.

सिग्नल हिरवा (निवृत्त रेल्वे कर्मचारी)
भांडण आधारवर चाललंय, पण जागाच कमी आहेत हो. 1998 साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला, त्यात दुहेरी झालाय तो रोहा ते वीर, बाकी सगळा एकेरी. क्रॉसिंगला गाडी थांबवून गाड्या वाढवायच्या तरी किती? दहा बर्थना शंभर माणसं असली की नियम कुठलाही लावा, नव्वद जण उरणारच. तरीही मी चाकरमान्यांच्या बाजूने. आधारची अट काढली तर त्या दहातल्या आठ परत सॉफ्टवेअरवाल्यांच्या.

खाडीकिनारी (गुहागर)
काढा असं म्हणतच नाही. ज्यांना ओटीपी जमत नाही त्यांच्यासाठी खिडकीवर वेगळा कोटा ठेवा, तिथे कार्ड बघा आणि परत द्या. सासऱ्यांच्या कंडक्टरला जमतं ते खिडकीला जमू नये?

डोंबिवलीचा चाकरमानी
आणि त्या खिडकीवर पहाटे चारला दलालाचीच माणसं आजोबांना भाड्याने आणून उभी करतील. बघितलंय हे दादरला.

मालवणी माणूस
तुमचा चालू दे. मी दिवा-सावंतवाडीक जनरलातसून येतंय. दिव्याक रुमाल टाकून जागा धरुक कोण येता काय?