मदत हवी आहे: छोट्या स्पीकरना किती वॅटचा अँप?

मंडळी, १० बाय १२ च्या खोलीत दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. पाठीवर छापलंय: ६ ओहम (विद्युत रोध), ८६ डीबी (डेसिबल, दिलेल्या ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते), ६० वॅट. अँप (अँप्लिफायर) जुना, चॅनलमागे म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे १५ वॅटचा. भीमसेनजी हळू आवाजात झकास, पण तान तार सप्तकात गेली की आवाज फाटतो. दुकानदार म्हणतो, १०० वॅटचा घ्या. स्पीकर जळणार नाहीत? की उलट, छोटा अँप ताणून क्लिप झाला (ताकद संपून आवाजाची लाट कापली गेली) तरच ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जातो? वॅट दुप्पट केले तरी जेमतेम ३ डीबी वाढतात, म्हणजे ३० वॅटचा घेऊन फार काही हाती लागणार नाही, असा माझा हिशेब. शिवाय अँपमागे ‘किमान ८ ओहम’ लिहिलंय (हे आज चष्मा लावून वाचलं!). माझे स्पीकर तर ६ चे; दुखणं तेच तर नाही ना? शेजारचे काका आधीच भिंत ठोकतात, त्यामुळे दणका नको, स्वच्छ आवाज हवा. बजेट १० हजार.