प्रतिसाद: लाकडी तुळईला पंखा

मंगळवार पेठेतल्या माडीच्या घरात लाकडी तुळईला पंखा लावायचाय आणि स्विच बंद केला की पुरे का, असं वर विचारलंय. पुरे नाही, मेनच पाडा. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) दिलेला असतो. बटण बंद, पंखा बंद, पण वायरीत करंट तसाच. मेन पाडल्यावरही टेस्टर लावून बघा, आणि तो टेस्टर मुळात पेटतो का हे आधी चालू प्लगमध्ये बघा.

तुळई वरून जाडजूड दिसते, पण वाळवी आतून पोखरते. स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसून बघायचं, भुसभुशीत लागलं तर विषय संपला. कौलं गळत असतील तर भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात. तुळई धडधाकट असेल तरी नुसता पिळून बसवलेला हुक नको; तुळईला वेढणारी लोखंडी पट्टी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून करून घ्या आणि बोल्टनं आवळा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे स्प्लिट पिन, म्हणजे बोल्टाच्या भोकात घालायची दोन पायांची तारेची पिन. पंख्याच्या रॉडच्या वरच्या-खालच्या दोन्ही बोल्टांना नटानंतर ती घालून तिचे पाय फाकवायचे. थरथरीनं नट ढिला झाला तरी पिन त्याला गळू देत नाही. जुनीच गंजकी पिन सरळ करून परत घालतात काही जण, कमाल आहे! शॅकलमधलं, म्हणजे रॉड वर अडकवायच्या कडीतलं, रबर चिरलं असेल तर तेही बदला.

हिरवी वायर अर्थिंगला. माडीची उंची कमी असते, तेव्हा पाती जमिनीपासून ७ फुटांच्या खाली येत असतील तर आखूड रॉड घ्या.