टोरांटो रॅप्टर्सचा २०१८-१९चा हंगाम: आपापले अनुभव

१३ जून २०१९ रोजी ओकलंडच्या ओरॅकल अरीनामध्ये टोरांटो रॅप्टर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ११४-११० असा पराभव केला आणि एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद प्रथमच अमेरिकेच्या सीमेबाहेर गेले. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ मूळचा ओंटारिओचा, पण या प्रांतातील संघाला हा चषक मिळायला चोवीसावा हंगाम उजाडावा लागला. ज्याच्या खेळावर तो मिळाला, तो कवाय लेनर्ड कराराचे शेवटचे एक वर्ष उरलेले असताना इथे आला होता आणि विजयानंतर महिना उलटण्याआधीच लॉस एंजेलिसला जायचे ठरवून मोकळा झाला. अशा उसन्या खेळाडूच्या जोरावर आलेला चषक आपला म्हणावा का, यावर आमच्या घरात अजूनही एकमत नाही. यजमानांच्या मते चषक भाड्याचा आहे. मला तसे वाटत नाही. ज्यांनी हा हंगाम जवळून वा दुरून पाहिला त्यांनी आपला अनुभव लिहावा. निकाल सर्वांना ठाऊक आहेत, त्यापलीकडचे वाचायला आवडेल.

टोरांटोहून

माझ्यासाठी हा हंगाम १८ जुलै २०१८ रोजी रागाने सुरू झाला. डेमार डीरोझन २००९ पासून याच संघात होता, संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्याचेच होते आणि मोठे खेळाडू थंडीला कंटाळून टोरांटो सोडून जात असताना त्याने मात्र राहण्याचा निर्णय घेतला होता. आपल्या नैराश्याबद्दल तो जाहीरपणे बोलला तेव्हा तर त्याच्याविषयीचा आदर दुणावला. अशा माणसाला संघाचे तेव्हाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी खेळाडू याकोब पोल्टल आणि पुढच्या वर्षीच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीतील पहिल्या फेरीच्या हक्कासह सॅन अँटोनिओला देऊन टाकले आणि बदल्यात लेनर्ड व डॅनी ग्रीन यांना घेतले. लेनर्ड आदल्या हंगामात मांडीच्या दुखापतीमुळे अवघे नऊ सामने खेळला होता. त्याआधी मे महिन्यात प्रशिक्षक ड्वेन केसी यांनाही नारळ मिळाला होता, आणि गंमत म्हणजे जूनमध्ये त्याच केसींना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार जाहीर झाला. आमच्या कार्यालयात त्या आठवड्यात उजिरींच्या बाजूने बोलणारा एकही माणूस नव्हता.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी डीरोझन पाहुण्या संघातून टोरांटोत खेळायला आला, तेव्हा मी मैदानात होते. त्याच्या स्वागतासाठी सगळे प्रेक्षागृह उभे राहिले. सामना अखेरच्या क्षणांपर्यंत अटीतटीचा चालला होता. चेंडू डीरोझनच्या हातात होता आणि लेनर्डने तो त्याच्याकडून हिसकावला, एकट्याने पलीकडच्या टोकापर्यंत धावत जाऊन रिंगमध्ये घातला आणि रॅप्टर्सने सामना १२०-११७ असा जिंकला. माझ्या शेजारच्या बाई डीरोझनची जर्सी घालून आल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली, मग हात खाली घेतले, मग पुन्हा वाजवली. माझेही काही वेगळे नव्हते. सौदा योग्य होता हे त्या रात्री मला पटले, पण तो सज्जनपणाचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

स्कारबरोहून

आम्ही नव्वदीच्या दशकात इथे आलो, त्यामुळे २००१ चे दुःख आमच्या वाट्याला पुरेपूर आले आहे. तेव्हाही बाद फेऱ्यांतल्या दुसऱ्या फेरीचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना होता, तेव्हाही प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाच होते. शेवटचा फटका आपल्या व्हिन्स कार्टरच्या हातून सुटला, रिंगला लागून बाहेर गेला आणि आपण ८८-८७ असे हरलो. कार्टर त्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेला होता, ही गोष्ट इथल्या जुन्या लोकांनी त्याला पुढे कित्येक वर्षे ऐकवली.

१२ मे २०१९ रोजी पुन्हा तोच पेच पडला. रॅप्टर्स दोन गुणांनी पुढे असताना फिलाडेल्फियाच्या जिमी बटलरने लेअप करून, म्हणजे रिंगजवळून चेंडू अलगद आत टाकून, ९०-९० अशी बरोबरी साधली आणि घड्याळात ४.२ सेकंद उरले. लेनर्ड चेंडू घेऊन उजव्या कोपऱ्याकडे पळाला, सात फुटी जोएल एम्बीड हात उंचावून समोर आला, आणि त्याच्या बोटांवरून चेंडू इतका उंच गेला की तो रिंगपर्यंत पोहोचेल असे वाटेना. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेतच होता. मग तो रिंगवर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा आपटला आणि आत पडला. एनबीएच्या इतिहासात सातवा सामना भोंग्याबरोबरच्या फटक्याने निकाली निघण्याची ही पहिलीच वेळ होती. लेनर्डने त्या रात्री ४१ गुण केले, पण त्यासाठी ३९ फटके मारले आणि त्यांतले २३ चुकले, हेही नोंदवून ठेवायला हवे. एम्बीड रडत मैदानाबाहेर गेला.

मुलगा ओरडून नाचत होता. मी मात्र चेंडू आत पडल्यावरही काही वेळ गुणफलकाकडेच पाहत राहिलो, कारण अठरा वर्षे मनात घर करून बसलेला तो दुसरा फटका इतक्या सहजासहजी जायला तयार नव्हता. लेनर्ड भाड्याचा असेल, पण आमचे जुने देणे त्याने फेडले.

पुण्याहून

मी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे सकाळी लागत, त्यामुळे सराव पुढे ढकलून मुलांना टीव्हीसमोर बसवणे मला सोपे गेले. लेनर्डबद्दल सगळेच लिहितील. मला रॅप्टर्सचे त्या वेळचे प्रशिक्षक निक नर्स यांच्याबद्दल लिहायचे आहे.

दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला वॉरियर्सने सलग १८ गुण केले आणि रॅप्टर्सला एकही करू दिला नाही. पुढे क्ले थॉम्पसन जायबंदी होऊन बाहेर गेला, केविन ड्युरँट आधीपासूनच बाहेर होता, म्हणजे लांबून नेम साधणारा स्टेफ करी तेवढा उरला. नर्स यांनी तेव्हा ‘बॉक्स अँड वन’ लावला. यात चार खेळाडू रिंगसमोर चौकोन करून आपापली जागा राखतात आणि पाचवा, म्हणजे इथे फ्रेड व्हॅनव्ह्लीट, एकाच प्रतिस्पर्ध्याच्या हात धुऊन मागे लागतो. हा आंतरशालेय स्पर्धेतला डाव आहे. समोरच्या शाळेत एकच चांगला खेळाडू असेल तर मीही तो लावतो. एनबीएच्या अंतिम मालिकेत तो दिसेल असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. वॉरियर्सना पाच मिनिटांहून अधिक काळ एक गुण करता आला नाही आणि आघाडी दोन गुणांवर आली. अखेर आंद्रे इग्वोडालाने मोकळा राहून थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा फटका, मारला आणि रॅप्टर्स १०४-१०९ असे हरले, पण माझ्या मुलांनी त्या दिवशी सरावाला आल्या आल्या तोच डाव मागितला.

नर्स अनेक वर्षे ब्रिटनमधील छोट्या क्लबांतून आणि अमेरिकेच्या दुय्यम लीगमधून प्रशिक्षण देत वर आले आहेत. हे धाडस तिथले असावे असे मला वाटते. जिथे मोठे नाव सांभाळायचे नसते, तिथे माणूस काहीही करून पाहतो.

टोरांटोहून, त्या वेळचा विद्यार्थी

पाचवा सामना मी मैदानाबाहेरच्या चौकात, म्हणजे ‘जुरासिक पार्क’मध्ये, मोठ्या पडद्यावर पाहिला. मालिका ३-१ होती आणि त्या रात्री चषक घरीच मिळेल या भरवशावर लोक सकाळपासून रांगेत उभे होते. महिनाभर दुखापतीने बाहेर असलेला ड्युरँट त्या दिवशी परतला, बारा मिनिटे सुंदर खेळला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये टाच धरून खाली बसला. तो पडताच आतल्या काही प्रेक्षकांनी जल्लोष केला, आणि बाहेर आमच्या आजूबाजूलाही तो झाला. पडद्यावर रॅप्टर्सचेच कायल लाउरी आणि सर्ज इबाका प्रेक्षकांना हाताने थांबा म्हणत असल्याचे दिसले, तेव्हा ओरडणारे गप्प झाले. नंतर ड्युरँटच्या नावाचा गजरही झाला, पण आधीचे काही पुसले गेले नाही.

शेवटची तीन मिनिटे उरली असताना रॅप्टर्स १०३-९७ असे पुढे होते. लेनर्डने नुकतेच सलग दहा गुण केले होते आणि नेमका तेव्हाच नर्स यांनी टाइमआउट घेतला. लय मोडली, थॉम्पसन आणि करी यांचे थ्री पॉइंटर पडले, आणि अखेरचा लाउरीचा फटका वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनच्या बोटांना लागून फसला. १०५-१०६. वर पुण्याच्या सरांनी नर्स यांचे कौतुक केले आहे ते योग्यच आहे, पण त्या टाइमआउटबद्दल त्यांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

ब्रॅम्प्टनहून

थोडक्यात लिहितो. १३ जूनला पहाटे आम्ही विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड सामना पाहायला उठलो, तर नॉटिंगहॅमला पाऊस. नाणेफेकही झाली नाही. रात्री रॅप्टर्स जिंकले. आमच्या घरात क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळासाठी फटाके वाजण्याची ती पहिलीच वेळ.

१७ जूनच्या विजययात्रेला मुलांना घेऊन गेलो. उपनगरी गो ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बस नेथन फिलिप्स चौकात पोहोचायला कित्येक तास उशीर झाला. १९९५ पासून तोवर घरचा एकही सामना न चुकवलेले पगडीधारी नव भाटिया यांचे दर्शन झाले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना खेळाडूंपेक्षा मोठ्याने हाक मारली. पुढे ऑक्टोबरमध्ये संघाने भाटियांनाही विजेत्यांची अंगठी दिली. समारंभ चालू असतानाच चौकाच्या कडेला गोळीबार झाला, चार जण जखमी झाले आणि गर्दी एका बाजूने पळू लागली. व्यासपीठावरून समालोचक मॅट डेव्हलिन यांनी शांत आवाजात लोकांना जागेवर थांबायला सांगितले, म्हणून चेंगराचेंगरी वाढली नाही. आम्ही मुलांना खांद्यावर घेऊन मागच्या रस्त्याने बाहेर पडलो.

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून

पराभूतांचाही एक अनुभव असू द्या. सहावा सामना हा ओरॅकलमधला वॉरियर्सचा शेवटचा सामना होता; पुढच्या हंगामापासून संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला. लाउरीने सुरुवातीलाच गुणांचा सपाटा लावला आणि एकूण २६ गुण केले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८ गुणांवर असलेला थॉम्पसन गुडघा धरून पडला, आत नेला जात असताना बोगद्यातून परत आला, दोन्ही फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेले मोकळे फटके) मारले आणि मगच गेला. लिगामेंट फाटलेल्या गुडघ्यावर. त्यानंतर चौथ्या क्वार्टरमध्ये व्हॅनव्ह्लीटने १२ गुण केले आणि करीचा शेवटचा थ्री पॉइंटर चुकला. सामना संपल्यावर आमच्याच प्रेक्षागृहात कॅनडाचे राष्ट्रगीत ऐकू येत होते.

ड्युरँट आणि थॉम्पसन धडधाकट असते तर निकाल उलटा लागला असता, असे इकडे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. २०१५ साली आम्ही जिंकलो तेव्हा क्लीव्हलँडचे अर्व्हिंग आणि लव्ह दोघेही जायबंदी होते, त्या चषकावर आम्ही तळटीप लिहिली नाही. उसनवारीचे म्हणाल तर आमचा ड्युरँटही २०१६ साली बाहेरूनच आला, दोन चषक देऊन गेला, आणि ते आम्ही निमूटपणे आपले म्हणवतो.

मिसिसागाहून

आमच्याकडे रॅप्टर्सचा दुय्यम संघ खेळतो. नाव ‘रॅप्टर्स ९०५’, आमच्या भागाच्या दूरध्वनी क्रमांकावरून ठेवलेले. मोठ्या संघाची तिकिटे आमच्या खिशाला परवडत नसत, म्हणून मी मुलीला इथे नेत असे. २०१७ साली हा संघ दुय्यम लीग जिंकला. त्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पास्कल सियाकम आणि २०१६ च्या निवडीत कोणीच न घेतलेला सहा फुटी व्हॅनव्ह्लीट हे दोघेही त्यात होते. सामन्यानंतर व्हॅनव्ह्लीट कठड्याशी थांबून मुलांच्या वह्यांवर सह्या करत असे. मुलीच्या वहीत त्याची सही गणिताच्या उदाहरणांमध्ये आहे, कारण दुसरी वही जवळ नव्हती.

याच दोघांनी २०१९ ला काय केले ते पाहा. सियाकम त्या हंगामात सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू ठरला आणि अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याने ३२ गुण केले. व्हॅनव्ह्लीट फिलाडेल्फियाविरुद्ध अगदीच चाचपडत होता. मिलवॉकीविरुद्धची मालिका चालू असताना त्याला मुलगा झाला आणि त्यानंतर त्याचा नेम असा बसला की ०-२ ने मागे पडलेला संघ ४-२ ने जिंकला. अंतिम मालिकेत कोपर लागून त्याचा दात तुटला तरी तो करीला सोडायला तयार नव्हता. एनबीएच्या त्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूच्या अकरा मतांपैकी दहा लेनर्डला आणि एक व्हॅनव्ह्लीटला मिळाले. ते एक मत आमच्या घरी अजून गाजते.

म्हणून सुरुवातीला प्रश्न विचारणाऱ्या ताईंना सांगते की लेनर्ड गेल्यानंतरच्या हंगामात याच संघाने ५३ सामने जिंकले आणि फक्त १९ हरले. टक्केवारी काढली तर ती ५८-२४ या चषकाच्या वर्षापेक्षा सरस आहे. पुढे बॉस्टनने सातव्या सामन्यात हरवले, आणि तिथे लेनर्डची उणीव भासली हे तुमच्या यजमानांनी अवश्य म्हणावे. डिसेंबर २०१९ मध्ये तो पाहुणा म्हणून टोरांटोत आला तेव्हा लाउरीने त्याला अंगठी दिली आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्यात आम्हीही होतो. त्या वेळी तिकिटे माझ्या मुलीने तिच्या पहिल्या पगारातून काढली होती.