कोणतं वडगाव? वडगावकरांनी आणि वडगाववाल्यांनी आपापले अनुभव लिहा

माझं आडनाव वडगावकर. आजवर हे आडनाव जितक्यांदा सांगितलं, तितक्यांदा पुढचा प्रश्न आला: "कोणतं वडगाव?" मला उत्तर येत नाही. आजोबा "आपलं वडगाव" म्हणायचे, वडीलही तेच म्हणायचे. 'आपलं' म्हणजे नेमकं कुठलं, हे विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

नाव तसं सरळ आहे. संस्कृतातला वट, त्याचा झाला वड. ज्या वस्तीची खूण म्हणजे पारावरचा वड, ते वडगाव. बडोद्याचं जुनं नाव वटपद्रक, त्यातही हाच वड आहे. पण आपल्याकडे वडाला काय तोटा? एका तालुक्यात दोन-दोन, तीन-तीन वडगावं झाली आणि ओळखायला शेपट्या लावाव्या लागल्या. थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतले, बुद्रुक हे 'बुजुर्ग'चं मराठमोळं रूप. मग वडगाव निंबाळकर, वडगाव हवेली, वडगाव पान, वडगाव रासाई, वडगाव गुप्ता, वडगाव कोल्हाटी, वडगाव काशिंबेग. आडनावात मात्र शेपटी येत नाही. निंबाळकरांच्या वडगावातून आलेला वडगावकर आणि पेठेतून आलेलाही वडगावकरच.

माझा एक तर्क आहे. वडगावकर हे आडनाव वडगावात लागतच नाही, ते गाव सोडल्यावर लागतं. गावात राहणाऱ्याला 'गावचा' म्हणून कोण कशाला ओळखेल? पटतंय का बघा. नाही पटलं तर खोडून काढा. आणि आपापलं वडगाव सांगा, शेपटीसकट.

वडगाव मावळ

तर्क शंभर टक्के बरोबर! आमच्याकडे ढोरे आहेत, म्हाळसकर आहेत, वडगावकर औषधालाही नाही. मी स्वतः पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसात 'वडगावकर' झालो. खरं आडनाव वेगळंच आहे, पण लोणावळा लोकलने येणारा म्हणून हे चिकटलं. रिटायर होताना निरोपाच्या नारळाबरोबर जी पाटी मिळाली, तिच्यावरही 'वडगावकर साहेब'. बायकोने ती दारावर लावू दिली नाही.

आमचं गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे बरं का. मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याकडे निघाली, तळेगावला पोचली तर धान्य-वैरण काहीच शिल्लक नाही. मागे फिरली आणि आमच्या गावाशी मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांपुढे इंग्रजांनी तह केला, तो वडगावचा तह. १७७३ नंतर बळकावलेला सगळा मुलूख परत द्यायचा, असं त्यात कबूल केलं होतं. पुढे कलकत्त्याला हेस्टिंग्जने तो धुडकावला ते सोडा. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', त्याची समाधीही आमच्याकडेच आहे. शाळेत हा धडा आला की आम्ही मान वर करून बसायचो. गुरुजी मात्र सगळ्यात आधी वडगावच्याच पोरांना प्रश्न विचारायचे, आणि सनावळी आम्हालाच येत नसायची.

आणखी एक. आमचं ग्रामदैवत पोटोबा महाराज. 'आधी पोटोबा, मग विठोबा' आमच्यासाठी अक्षरशः खरं आहे.

पुणे, सिंहगड रस्त्याकडून

मी वडगाव बुद्रुकला राहते, पिन ४११०४१. वडगाव शेरीचा पिन ४११०१४. बघा नीट. गावाचं नाव एक, शहर एक आणि शेवटचे दोन आकडे उलटसुलट! ही दोन वडगावं शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि मधलं ट्रॅफिक पुणेकरांना सांगायला नको. वर्षातून दोन-तीन पार्सलं तरी तिकडे जातातच.

दोन वर्षांपूर्वी शेरीतल्या एका काकूंनी फोन केला, "तुमची पैठणी माझ्याकडे आलीय, रंग छान आहे." मी घ्यायला गेले. त्यांनी जेवायलाच बसवून घेतलं. आता पार्सल चुकलं की आम्ही कुरियरवाल्याशी भांडत नाही, एकमेकींना फोन करतो. पैठणी मात्र मी त्याच दिवशी ताब्यात घेतली.

पेठ वडगाव, जि. कोल्हापूर

आमच्या वडगावाला शेपटी न्हाई, शेंडी हाय. पेठ आधी, वडगाव मागनं. हातकणंगले तालुक्यातली बाजारपेठ. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्याकडं, १७०८ ला त्यांनी हितंच देह ठेवला. संताजी-धनाजी म्हटल्यावर मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावत नव्हती म्हणत्यात, त्यातले धनाजी.

तरी पुण्यात हॉस्टेलला गेलो तर रूममेट विचारतो, "वडगाव म्हणजे लोकलने किती वेळ?" भावा, लोकल कुठली? कोल्हापूरच्या गाडीत बस आणि झोप.

तुमच्या तर्काला एक पुरवणी. आमच्या चुलत्यांचं बिऱ्हाड इचलकरंजीला गेलं. तिथं ते वडगावकर. त्यांचा पोरगा मुंबईला गेला, तर आता त्याला इचलकरंजीकर म्हणत्यात. पोटात मात्र तिघांच्या पांढरा रस्साच.

बेळगाव

आमचं वडगाव म्हणजे बेळगावचा एक भागच. विणकरांची वस्ती. लहानपणी मागाचा खटखट आवाज थांबला की समजायचं, एकतर लाइट गेली किंवा मंगाईची यात्रा आली. आषाढात यात्रा असते, तेव्हा माहेरवाशिणी यायच्याच.

कानडी पाटीवर गावाचं नाव जरा वेगळं वाचलं जातं, मराठी माणूस 'वडगाव' म्हणतो आणि आजूबाजूचे दोन्ही म्हणतात. माझे यजमान सोलापूरचे. लग्नात उखाणा घेताना मी 'वडगावची लेक' म्हटलं, तर त्यांच्याकडच्या निम्म्या बायकांना मी पुण्याची वाटले. पुण्याची समजून दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या!

आडनावाच्या स्पेलिंगवरून

माझ्या जन्मदाखल्यावर वडगांवकर, गां वर टिंब. शाळेच्या दाखल्यावर टिंब गेलं. कारण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि आमचे हेडमास्तर नियमाचे पक्के. म्हणजे व्याकरण सुधारलं आणि माझं आडनाव बदललं.

हे झालं मराठीत. इंग्रजीत वडील 'व्ही'ने लिहायचे आणि मी 'डब्ल्यू'ने. का? तर दहावीचा फॉर्म भरणाऱ्या कारकुनाची आवड. वारसाहक्काच्या कामात मला लिहून द्यावं लागलं, की व्ही वडगावकर हे डब्ल्यू वडगावकरांचेच वडील आहेत. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात, मग पुन्हा बँक. एका टेबलावरचे गृहस्थ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुम्ही आधीच एक काहीतरी ठरवायला हवं होतं." मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो हो!

कुणीतरी हे लिहायलाच हवं होतं

"कोणते वडगावकर?" हा प्रश्न दरवेळी गावासाठी नसतो. गावावरून पडलेल्या आडनावात जात दिसत नाही. वडगावकर ब्राह्मण असतात, मराठा, सोनार, शिंपी, बौद्ध, लिंगायत, कुणीही असतात. मग समोरच्याची चुळबुळ सुरू होते. आधी गाव विचारतात. मग कुलदैवत. मग "मूळ आडनाव काय हो तुमचं?" घर भाड्याने बघताना मी हे चार पायऱ्यांचं नाटक इतक्यांदा पाहिलंय, की आता मीच पहिल्या प्रश्नाला जात सांगून टाकते. समोरचा ओशाळतो. "नाही नाही, तसं नाही" म्हणतो. आणि घर दुसऱ्याला दिलेलं असतं.

वडिलांनी 'वडगावकर' हे आडनाव मुद्दाम घेतलं होतं. आमचं आधीचं आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं काही विचारावं लागायचं नाही. गाव तरी सगळ्यांचं असतं, असं त्यांना वाटलं होतं.

वडगाव आनंद, ता. जुन्नर

कुणाला ठाऊक नाही. आळेफाटा म्हटलं की सगळ्यांना ठाऊक. आम्ही फाट्यावरचे. बाकी काही नाही.

खटाव तालुक्यातून

तुमचा तर्क खोडतोय, रागावू नका. आमचं गाव वडगाव जयराम स्वामी. रामदास पंचायतन म्हणजे समर्थ रामदास धरून पाच संत, त्यातले जयराम स्वामी ते आमचे. बाकीचे निगडीचे रंगनाथ स्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती, भागानगरचे केशव स्वामी. आणि आमचे ते वडगावकर जयराम स्वामी. आता बघा, ते मूळचे इथले नव्हेत. गुरू कृष्णाप्पांपाशी आले आणि इथलेच होऊन राहिले. म्हणजे गाव सोडून नाही, गावात येऊन वडगावकर झाले. उलट गावानेच त्यांचं नाव शेपटीला लावून घेतलं. माणसाला गावाचं नाव आणि गावाला माणसाचं, अशी फिटंफाट दुसऱ्या कुठल्या वडगावात असेल तर सांगा.

९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा गेला, त्यात आमचे परशुराम घार्गे गोळीला बळी पडले. वडूजच्या हुतात्म्यांबद्दल लोक बोलतात, पण त्यांचं गाव वडगाव हे कुणी सांगत नाही. म्हणून इथे लिहिलं.

(धागाकर्ता: तर्क खोडला गेला, मान्य. निदान दुरुस्त करतो. आडनाव गाव सोडणाऱ्याला लागतं, नाहीतर संताला.)

धाराशिवकडून

आमच्याकडं शेपटीसुद्धा पूर्ण मिळत नाही, एकच अक्षर मिळतंय. वडगाव सि., वडगाव ज., असं. सि म्हणजे सिद्धेश्वर. एसटीत कंडक्टर विचारतो, "सि का ज?" आपण अक्षर सांगायचं. दिवाळीत बायकोला पहिल्यांदा गावी नेलं, तिला वाटलं आम्ही काहीतरी सांकेतिक बोलतोय.

वडगाव शेरी

आम्ही वडगावकर आणि राहतो वडगाव शेरीत. वडील भुसावळहून बदली होऊन इथे आले, फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून. त्याआधी या गावाशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण आडनाव ऐकलं, पत्ता ऐकला की समोरच्याचे डोळे चमकतात. "अरे वा, म्हणजे मूळ गाववाले! जमिनीचे किती आले?" आयटी पार्क शेजारी आल्यापासून तर फारच. एका स्थळाकडच्यांनी तर आमच्या न विकलेल्या एकरांची चौकशी केली. आई म्हणाली, "आमच्याकडे एक गॅलरी आहे, तिच्यात तुळस आहे." स्थळ गेलं. बरंच झालं.

धागाकर्त्यासाठी, नाशिकहून

इथे विचारत बसण्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला किंवा नाशकात रामकुंडावर तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांना शोधा. त्यांच्या वह्यांमध्ये पूर्वजांचे लेख असतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मुलंबाळं किती, गाव कोणतं. जुने लेख मोडीत असतात, पण ते वाचून दाखवतात. जाताना पणजोबांचं नाव माहीत असू द्या. नुसतं "आम्ही वडगावकर" म्हणालात तर तिथेही तोच प्रश्न विचारतील.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनंतर

जाऊन आलो. रामकुंडावर पहिल्या दोघांनी "आमच्याकडचे नाहीत" म्हणून पुढे पाठवलं. तिसऱ्या घरी सत्तरीचे गुरुजी होते. अर्थातच विचारलं, "कोणतं वडगाव?" मी म्हटलं, तेच शोधायला आलोय. ते हसले, पणजोबांचं नाव विचारलं आणि आत गेले. चहा संपून कप वाळला तरी बाहेर येईनात. मग लाल कापडात बांधलेली वही घेऊन आले.

लेख सापडला. पणजोबांचे वडील सहकुटुंब आले होते, अक्षर मोडी, सही स्वतःची. गुरुजींनी बोट फिरवत वाचलं. नावं जुळली. आजोबांच्या आत्याचं नाव आलं, जे मी फक्त घरातल्या भांड्यावर कोरलेलं पाहिलं होतं. माझा घसा दाटून आला, हे कबूल करतो. मग गावाची ओळ आली. "हल्ली वस्ती वडगांव." नुसतं वडगाव. टिंब होतं, पण बुद्रुक नाही, खुर्द नाही, तालुका नाही, परगणा नाही. त्या माणसालाही तेव्हा वाटलं असणार, की वडगाव म्हणजे आपलं वडगाव, आणखी काय लिहायचं?

"थांबा," गुरुजी म्हणाले, "पुढे मूळ गावही दिलंय." मी पेन सरसावलं.

मूळ गाव पिंपळगाव.

बसवंत, जोगा, खडकी, हरेश्वर, एवढी मला आत्ता आठवतायत. पिंपळगावकरांनो, शेपटीसकट लिहा.