सेमाग्लुटाइड की टिर्झेपटाइड? आणि मळमळीचं काय करता?

प्रश्न: वजन कमी करायला डॉक्टरांनी हे दोन्ही पर्याय दिलेत, दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं. मला साध्या प्रवासात पण उलट्या होतात म्हणून जाम धाकधूक आहे. कुणी घेतलंय का?

उत्तर: आकडे बघितले तर टिर्झेपटाइड पुढे, २०२५ मध्ये आलेल्या थेट तुलनेच्या ट्रायलमध्ये ७२ आठवड्यांत सरासरी २०.२ टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडने १३.७. पोटाचा त्रास दोन्हीचा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर दोन्ही बाद, ते आधी सांगा.

उत्तर: ताई मी सेमाग्लुटाइडवर आहे, ०.२५ मिलिग्रॅमला काहीच झालं नाही पण डोस वाढवला की पहिले तीन दिवस नुसती मळमळ, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो ना याने, म्हणून आधीसारखं ताट भरून जेवलं की बसलंच ते छातीवर. थोडं थोडं खा, तेलकट टाळा. बद्धकोष्ठतेबद्दल मात्र कुणी बोलतच नाही, मला तोच त्रास जास्त! डॉक्टरांना विचारून एकाच डोसवर ८ आठवडे थांबले, मग जमलं.

उत्तर: गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर टिर्झेपटाइडने तिचा परिणाम कमी होऊ शकतो, विचारून घ्या. आणि पोटात जोरात दुखून कळ पाठीत गेली तर लगेच दवाखाना गाठा, स्वादुपिंडाला सूज असू शकते.